बँडमास्तरांच्या गिटारची खरखर

माझे वडील तंबोऱ्याची जवारी काढून द्यायचे. जवारी म्हणजे तारेखालची घोडी घासून घासून तारेत आणलेला तो गुंजणारा झणकार. तो नसला तर तंबोरा मुका वाटतो. थोडक्यात, वडिलांनी आयुष्यभर तारेत खरखर घातली आणि मी आयुष्यभर गिटारच्या तारेतली खरखर काढत बसले. एकाच घरातल्या बापलेकींनी इतकं उलटं काम केल्याचं दुसरं उदाहरण निदान कोल्हापुरात तरी नसेल.

राजारामपुरीत, डोळ्यांच्या दवाखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर माझा क्लास. शेजारच्या जागेत स्पर्धा परीक्षांचा क्लास चालतो. तिकडून इतिहासाची सनावळी आणि माझ्याकडून सा रे ग म, दोन्ही एकाच जिन्यावरून खाली उतरतात. आता गुडघ्यांमुळे मी नवे विद्यार्थी घेणं जवळपास थांबवलं आहे. पण खरखरीचं काम अजून येतं, आणि ते आलं की गुडघे विसरायला होतात.

बाहेरच्या माणसाला ही भानगड सोपी करून सांगते. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. दोन पट्ट्यांमधल्या जागेला मी घर म्हणते. ज्या घरात बोट दाबाल, त्याच्या पुढच्या पट्टीवर तार टेकते आणि तिथून पुढची मोकळी तार थरथरते. तो सूर. ही थरथरणारी तार वाटेत दुसऱ्या कशाला घासली, किंवा आपल्या पट्टीवर नीट टेकलीच नाही, की ती चरचरते. ती खरखर. कारण बोटात असतं, लाकडात असतं, पट्टीत असतं, नाहीतर भलतीकडेच असतं. नवशिक्याला वाटतं, आपल्याला जमत नाही. गिटार विकणारा सांगतो, सरावाने जाईल. कधी जाते, कधी मुलगाच गिटार सोडून जातो. माझ्या जिन्यापर्यंत न पोचता गिटार माळ्यावर टाकून दिलेली किती मुलं या गावात असतील, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आले त्यांच्यातही एकेक नमुने. कॉलेजातल्या एका पोराने कुणाचं तरी ऐकून घोडीखाली लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या घड्या कोंबल्या होत्या. तार इतकी वर गेलेली की खालून मांजर गेलं असतं. खरखर गेली होती हे खरं, पण तार दाबायला पैलवान लागला असता. राधानगरीकडचे एक दूधवाले पावणे गिटार घेऊन आले, माझ्याकडे अगदी साफ वाजली, घरी नेली की पुन्हा खरखर. तिसऱ्या खेपेला मीच त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी ज्या पलंगावर बसून वाजवायची त्याच्या शेजारी दुधाच्या रिकाम्या किटल्या ठेवलेल्या. एक ठराविक सूर लागला की एका किटलीचं झाकण झणझणायचं. मी झाकणावर हात ठेवला, खरखर बंद. पावणे कपाळावर हात मारून म्हणाले, "आन् आम्ही पोरीला बोलत हुतो की!"

पण लिहायचं आहे ते दस्तगीर मास्तरांबद्दल.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये रक्त तपासणीचं काम करणारी यास्मिन मला जाता-येता दिसायची, पण बोलणं कधी नव्हतं. एक दिवस ती वडिलांना घेऊन वर आली. साठीच्या पुढचे, उंच, गळ्यात मफलर, काखेत रेक्झिनच्या पिशवीतली नवीकोरी गिटार. पहिल्या मजल्यावर चढायला त्यांना दोनदा थांबावं लागलं होतं. खुर्चीवर बसून दम खाल्ला आणि मग म्हणाले, "मी दस्तगीर. पेठ वडगावचा. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत हुतो."

आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवाला म्हणजे सगळ्या बँडचा राजा. ढोल-ताशे गर्दी जमवतात, पण गाणं गातो तो क्लॅरिनेट. यास्मिनने बाकीचं सांगितलं. वडिलांची फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी फुंकायचं वाद्य कायमचं बंद केलं होतं. घरी नुसते बसून राहतात, जेवत नाहीत, म्हणून तिने पहिल्या बोनसमधून गिटार आणून दिली. फुंकायला नको, हाताने वाजते, एवढाच तिचा विचार. वडगावात एक मुलगा शिकवायचा, त्याच्याकडे काही दिवस गेले. त्याने सांगितलं, चाचा, वय झालं, बोटांत ताकद नाही, खरखर येणारच.

"येणारच म्हणजे?" मास्तर एकदम उसळले. "बाई, मला सांगा माझा कान गेलाय, मी ऐकतो. फुप्फुस गेलंय, ते बी ऐकलं. पण सूर खराब येणारच, आन् तो गोड मानून घ्या, हे न्हाय ऐकणार मी."

मला माणूस तिथेच आवडला.

यास्मिन खाली लॅबमध्ये गेल्यावर ते खरं बोलले. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा इचलकरंजीचा, थंडीत बार उडवायचा होता. "बाई, मी आख्ख्या हातकणंगले तालुक्यातल्या पोरी सासरी घालवल्यात. पोरगी गाडीत बसताना जी चाल वाजते ती माझी. लोकं म्हणायची, मास्तरांनी वाजवलं की नवऱ्याकडची बी रडतात. आता माझी पोरगी जाणार, आन् मी काय रुमाल घिऊन हुभा ऱ्हाऊ? ती चाल मला हिच्यावर वाजवायची हाय. पर खरखर न्हाय पायजे. खरखर आली तर मी वाजवणार न्हाय."

मी म्हटलं, "मास्तर, खरखरीचं माझ्यावर सोडा. चाल तुमची तुम्ही बघा."

बोलून बसले. आता करणं आलं.

पहिल्या दिवशी त्यांना काही शिकवलं नाही. नुसतं वाजवायला लावलं आणि बघत बसले. तारा चरचरत होत्या यात शंका नव्हती. नखं कापलेली, अंगठा ठीक, बसणंही ताठ. तरी दहा सुरांतले आठ फाटके. बोटांत ताकद नाही म्हणावं तर त्यांनी माझ्या खिडकीची पावसाने फुगलेली झडप एका हाताने ओढून लावली होती. मग मी म्हटलं, "मास्तर, गिटार खाली ठेवा. हवेत क्लॅरिनेट वाजवून दाखवा."

ते हसले. पण दोन्ही हात वर आले, डोळे मिटले, आणि बोटं हवेत चालायला लागली. किती देखणी चालत होती! आणि मला उत्तर समोर दिसलं. क्लॅरिनेटची भोकं बोटाच्या पेराने, मऊ गादीने झाकायची असतात. हलकेच, सपाट बोटाने, नेमकी मधोमध. चाळीसएक वर्षं ती बोटं हेच शिकलेली. गिटारवरही मास्तर तारेला भोक समजून झाकत होते. सपाट बोट, घराच्या मधोमध, हलका स्पर्श. त्यांच्या बोटांत ताकद कमी नव्हती, त्यांच्यावर दुसऱ्या वाद्याचे संस्कार होते.

मी त्यांना सांगितलं, "मास्तर, इथं झाकायचं नाही, रोवायचं. बोट उभं, टोकावर. आणि घराच्या मध्ये नाही, पुढच्या पट्टीला अगदी लागून. पट्टीवर चढायचं नाही, पण तिच्या अंगाला चिकटायचं. तिथं तार कमी जोरातही टेकते."

"उंबऱ्याला लागून उभं ऱ्हायचं, उंबऱ्यावर न्हाय," ते म्हणाले.

"बरोबर."

त्यांनी बोट सरकवलं. उभं केलं. दुसऱ्या हाताने तार छेडली. स्वच्छ, गोल सूर निघाला. मास्तरांनी गिटारकडे असं पाहिलं, जसं मुक्या लेकराने पहिल्यांदा हाक मारावी. मग पुन्हा छेडली. पुन्हा. शेजारच्या क्लासमधले सर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, एकच सूर किती वेळ?" मास्तर त्यांना म्हणाले, "सर, तुम्ही बी एकच सन किती वेळा सांगताय." ते सर हसत परत गेले.

त्यानंतर महिनाभर बोटांची जुनी सवय मोडण्याचं काम चाललं. हे दिसतं तितकं सोपं नसतं. मन गाण्यात रमलं की बोटं आपली जुन्या गावाला परत जातात. मास्तर गाणं वाजवायला लागले की सपाट व्हायचे, मी टेबलावर टिचकी मारायची, ते उभे व्हायचे. बोटांची टोकं सोलवटून निघाली. वडगावहून एसटीने यायचे, जिन्यावर थांबत थांबत चढायचे. एकही दिवस उशीर नाही.

मग एके दिवशी ते ठामपणे म्हणाले, "बाई, आता ही खरखर माझी न्हाय."

मी ऐकलं. मधल्या एका तारेवर पाचव्या घरात बारीक चर्र असा आवाज. बोट नीट उभं होतं, जागेवर होतं. मी गिटार माझ्याकडे घेतली आणि तिथेच दाबलं. माझ्याही बोटाखाली खरखर. पुढच्या घरात दाबलं, साफ. मास्तर विजयी मुद्रेने बसून होते.

अशा वेळी एक छोटी पोलादी पट्टी मी वापरते. ती तीन आडव्या पट्ट्यांवर ठेवायची. तिन्ही सारख्या उंचीच्या असतील तर ती गप्प बसते. मधली उंच असेल तर सी-सॉसारखी हलते. एकेक करत पुढे गेले, आणि सहाव्या पट्टीवर ती टक टक हलली. पावसाळ्यात लाकूड फुगलं होतं आणि त्या धातूच्या पट्टीचं एक टोक केसभर वर उचललं होतं. इतकं की डोळ्याला दिसू नये. मास्तरांच्या कानाला मात्र ते ऐकू आलं होतं.

मी ते टोक पातळ गोंदाने चिकटवलं, वरून लाकडी ठोकळा ठेवून शिकंज्यात आवळलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाचव्या घरात बोट रोवलं, छेडलं, ऐकलं, आणि माझ्या टेबलावर पेढ्याचा पुडा ठेवला. येतानाच घेऊन आले होते. काम होणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

इथपर्यंत सगळं चढतं होतं. मग दिवाळी झाली आणि मास्तर यायचे बंद झाले.

आधी वाटलं, तब्येत. यास्मिनला खाली लॅबमध्ये विचारलं तर तिचा चेहरा उतरला. "मॅडम, गिटार कपाटावर टाकलीय अब्बांनी. बँडची माणसं घरी आली होती लग्नाचं बोलायला. अब्बांनी त्यांना वाजवून दाखवलं. कोणतरी हसलं म्हणे."

मी पुढच्याच रविवारी वडगावला गेले. मास्तर ओट्यावर उन्हात बसले होते. मला बघून उठले, आत हाक मारली, चहा आला, त्यांची बायको हाजराबी पण येऊन दाराशी बसली. मी सरळ विचारलं, "कोण हसलं?"

"माझा धाकला भाऊ. हसला म्हणजे... आता बँड तोच सांभाळतोय. म्हणाला, मास्तर, क्लॅरिनेटसमोर ह्ये म्हणजे डास गुणगुणतोय." मास्तर खाली बघत होते. "आन् बाई, खोटं न्हाय बोलला तो. क्लॅरिनेटला मी श्वास देतोय तवर सूर जिता ऱ्हातो. हिच्यात सूर वाजला की मराया लागतो. पोरीला घालवायची चाल लांब सुरांची हाय. सूर मधीच मेला तर ती चाल न्हाय, ते नुसतं टिंग टिंग."

ते खरं होतं. गिटारला श्वास नसतो. खरखर काढायची एवढंच मी बोलले होते, आणि ती काढली होती. आता हा माणूस मला तारेत प्राण घालायला सांगत होता.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "गिटार काढा खाली."

हाजराबींनी स्टुलावर चढून काढली. मी तार मुद्दाम सपाट, मधोमध दाबली आणि छेडली. चर्र होऊन सूर लगेच विझला. "ऐका. खरखर म्हणजे नुसता वाईट आवाज नाही. तार जिथं घासते तिथं तिचं बळ सांडतं. सूर अर्धा तिथंच संपतो." मग पट्टीला लागून बोट रोवलं, घट्ट धरलं, आणि तार छेडून हात उचलला. "आता काही करू नका. बोट उचलू नका. नुसतं ऐका."

ओट्यावर शांतता झाली. सूर वाजला, लांबला, बारीक झाला. शेजारच्या घरातून भांड्यांचा आवाज आला तरी तो मागे होताच. मास्तरांनी मान कलती केली होती. मला ऐकू येणं बंद झाल्यावरही ते बोट वर करून बसले होते. मग हळूच म्हणाले, "आत्ता गेला."

"तुम्ही दुसरा सूर घाईने वाजवता, म्हणून पहिला मरतो. पहिला जगू द्या. आणि जगताना त्याला असं हलवा." मी दाबलेलं बोट जागच्या जागी किंचित डोलवलं. सूर थरथरला, भरला, जरासा गाता झाला.

मास्तरांनी गिटार माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. पहिला सूर लावला. बोट डोलवलं. वाट पाहिली. मग दुसरा. त्या चालीची पहिली ओळ त्यांनी इतकी सावकाश वाजवली की मला वाटलं, पुढचा सूर येतच नाही. पण तो यायचा, नेमका तेव्हा, जेव्हा आधीचा निरोप घेत असायचा. ओळ संपली. हाजराबी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"आता डास म्हणणार का भाऊ?" मी विचारलं.

"म्हणू दे की," मास्तर म्हणाले. "मला काय वाजवायचं ते कळलंय."

लग्न वडगावातल्याच एका कार्यालयात होतं. दुपारचं जेवण झालं, आणि पाहुणे पान खात मांडवात रेंगाळले. उन्हं उतरली आणि पाठवणीची वेळ झाली. मास्तर कार्यालयाच्या पडवीत खुर्ची टाकून बसले. गिटारचा आवाज त्या गर्दीत पोचावा म्हणून कार्यालयाच्या माणसाने समोर माईक लावला होता. मी म्हटलं, एकदा आवाज बघून घेऊ.

मास्तरांनी सूर लावला आणि माईकमधून साऱ्या मांडवात खरखर पसरली.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. माईकने ती खरखर मोठी करून सगळ्यांना ऐकवली होती. समोर भाऊ क्लॅरिनेट हातात घेऊन आपल्या बँडबरोबर उभा होता. तो हसला नाही, एवढं मात्र सांगते. तो पुढे येऊन म्हणाला, "मास्तर, राहू दे. मी वाजवतो. लोकं खोळंबलीत."

"थांबा जरा," मी म्हटलं आणि गिटार घेतली. वाजवली. साफ. सगळ्या तारा, सगळी घरं साफ. परत मास्तरांच्या हाती दिली. खरखर.

"म्हणजे माझीच बोटं," ते म्हणाले. "उभीच न्हाईत ऱ्हायली."

मी त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवून दाबली. बोट जागेवर, घट्ट. त्यांनी छेडलं. खरखर! म्हणजे बोटं नाहीत. गिटार नाही. मग उरलं काय? मांडवातली माणसं वळून बघत होती. यास्मिन तिकडे आईच्या गळ्यात पडायच्या बेतात होती. मी मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हटलं, "जरा मागे टेका."

ते मागे टेकले. गिटार पोटापासून वेगळी झाली. "आता वाजवा."

साफ.

मास्तरांनी मुलीच्या लग्नासाठी नवी शेरवानी शिवली होती. तिला पितळी नक्षीची मोठी बटणं होती. त्यातलं एक बटण गिटारच्या पाठीला टेकून तिच्याबरोबर झणझणत होतं. मी बटणावर बोट ठेवून दाखवलं. मास्तरांनी ते बटण चाचपलं. मग उठले आणि सगळ्या पाहुण्यांदेखत शेरवानी काढायला लागले.

हाजराबी धावत आल्या. "अहो, काय करताय? पोरीचा बाप आन् साध्या शर्टावर? इचलकरंजीची माणसं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे," मास्तर म्हणाले आणि शेरवानी भावाच्या खांद्यावर टाकली. आत साधा पांढरा शर्ट होता, घामाने पाठीला चिकटलेला. ते बसले, गिटार कुशीत घेतली, मला मान हलवून खूण केली.

त्यांनी पहिला सूर लावला.

मी आयुष्यात पुष्कळ गिटारवादक ऐकलेत. मास्तरांपेक्षा वेगाने वाजवणारे माझ्याकडे शाळकरी मुलं आहेत. पण सूर लावून थांबायला जे धाडस लागतं ते त्या माणसात होतं. एक सूर मांडवभर फिरून यायचा, मग दुसरा. आधी जवळची माणसं बोलायची थांबली, मग लांबची. बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याला कुणीतरी जाऊन गप्प केलं. यास्मिन गाडीच्या दारापाशी पोचली होती. तिने बापाकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. रडत नव्हती. हसत होती, अगदी मनापासून. बँडमधल्या माणसांनी आपापली वाद्यं खाली घेतली होती. भाऊ शेरवानी खांद्यावर घेऊन, क्लॅरिनेट छातीशी धरून, डोळे मिटून उभा होता, आणि त्याची बोटं क्लॅरिनेटवर आवाज न करता मास्तरांबरोबर चालत होती.

चाल संपली. एकाही सुरात खरखर नव्हती. एकाही.

नवरदेवाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं आणि ड्रायव्हरला खूण केली. गाडी सुरू झाली. यास्मिन आत बसेना. "अब्बा," ती तिथूनच ओरडली, "परत एकदा!"

"आगं, उशीर होतोय तुझ्या सासरच्यांना!"

नवरदेवाच्या वडिलांनी एकदा मास्तरांकडे, एकदा नव्या सुनेकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बंद कर गाडी. मास्तर, वाजवा. आम्हाला काय घाई न्हाय."

मास्तरांनी परत वाजवलं. यावेळी भावाने क्लॅरिनेट ओठाला लावला, पण वर चढला नाही. खालच्या सुरात, मास्तरांच्या मागे मागे, एका पावलाच्या अंतराने चालत राहिला. आता मात्र नवऱ्याकडची पण रडली.

गाडी गेली. पाहुणे पांगले. मास्तर पडवीत बसूनच होते. कोणी पाणी आणून दिलं ते प्याले, बोटांची टोकं बघितली, ती लाल झाली होती. मी जवळ जाऊन बसले. मला वाटलं, आता हा बाप रडून मोकळा होईल, आणि मी काय बोलावं ते मनाशी जुळवत होते.

मास्तर म्हणाले, "बाई, आता पोरीचं झालं. आता नाचायचं गाणं शिकवा एखादं. तिच्या पोराच्या बारशाला वाजवायला नको?"